येळवस झाली, संक्रांत झाली, तरी पारा १५ च्या खाली नाही: हा हवामान बदल की पूर्वेचं वारं?

माळावरचा_पारा (लातूर)

राम राम मंडळी. यंदा येळवस (वेळ अमावास्या) होऊन गेली, संक्रांतही झाली, पण पहाटेचा पारा काही खाली उतरेना. डिजिटल तापमापक घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवर आहे. मागच्या पंधरा दिवसांत किमान १५.२ ते १९.४ आणि दुपारी ३१-३२. हुरड्याला आगटीजवळ बसलं तर घाम फुटतोय.

प्रश्न दोन आहेत. याला हवामान बदल म्हणायचं का, की एखादा हिवाळा असा जातोच? आणि घरच्या नोंदीवरून यातलं काही ठरवता येतं का? येत असेल तर नोंद कशी ठेवायची?

काळी_माती (परभणी)

आधी तापमापकाचं बघू, कारण भिंतीवरचा आकडा निव्वळ हवेचा नसतो. उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडत नसलं तरी स्लॅब आणि घर दिवसभर तापतं आणि ती ऊब रात्रभर बाहेर पडत राहते. शांत रात्री भिंतीलगतचा आकडा मोकळ्या रानापेक्षा दोन-तीन अंश सहज जास्त येतो.

वेधशाळेत तापमापक स्टीव्हन्सन पेटीत असतात. घरी करायची तर चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या, दुहेरी छप्पर आणि दोन्ही थरांत मोकळी हवा, तळाला फटी, आतून-बाहेरून पांढरा ऑइल पेंट. दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. पेटी मातीवर किंवा गवतावर हवी, गच्चीवर किंवा फरशीवर नको. घर, झाड, भिंत यांच्यापासून निदान त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब. ओढ्याच्या खोलगटात लावू नका, शांत रात्री थंड हवा उतारावरून तिथं येऊन साचते आणि आकडा शिवारापेक्षा कमी दिसतो.

सुतारकाम नको असेल तर पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ ताटल्या घ्या. वरची अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध भोक पाडा, दोन ताटल्यांत दीड-दोन सेंटिमीटर अंतर सोडून तीन आटेदार सळ्यांवर ओवा आणि सेन्सर आत लटकवा. सेन्सर ताटलीला चिकटला तर सगळी मेहनत वाया. सेन्सर म्हणून डीएस १८बी२० चालतो, पण त्याची चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते. एसएचटी ३१ साधारण ०.२ अंशापर्यंत नेमका आहे आणि आर्द्रताही देतो. ती पुढे लागेल.

दर हंगामाच्या सुरुवातीला बर्फाची परीक्षा घ्या. थर्मासमध्ये चुरलेला बर्फ भरा, शुद्ध पाणी बर्फाच्या फटी भरतील एवढंच ओता, ढवळा, सेन्सर बारीक पिशवीत बांधून १५ मिनिटं बुडवा. ०.६ दिसलं तर प्रत्येक नोंदीतून ०.६ वजा. नुसत्या गार पाण्यात ही परीक्षा होत नाही.

काचेचा अल्कोहोलचा किमान तापमापक असेल तर नळीच्या वरच्या टोकाला थेंब अडकलाय का ते बघा. तेवढं अल्कोहोल स्तंभातून कमी होतं आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा खाली येतो. बल्ब खाली धरून हलके झटके दिले की थेंब परत मिळतो.

वेळ मात्र सगळ्यात महत्त्वाची. पहाटे साडेसहाला ९.५ झालं, तुम्ही सातला वाचून यंत्र रीसेट केलं तेव्हा हवा ९.८ होती. पुढची रात्र ढगाळ, किमान १४. तरी दुसऱ्या दिवशी यंत्र ९.८ दाखवणार, कारण रीसेट केल्या क्षणाची थंडी नव्या दिवसाच्या खात्यात गेली. एकच थंडी दोनदा मोजली जाते. म्हणून हवामान विभागासारखं सकाळी ८:३० ला वाचा, रोज तीच वेळ.

दख्खनी_ढग (छत्रपती संभाजीनगर)

यंदाच्या रात्री उबदार का, याचं उत्तर वाऱ्यात आणि ढगात आहे. आपल्याकडे कडाका पडतो तो पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, ढग-पाऊस आणणारी हवेची प्रणाली) उत्तर भारतावरून पुढे सरकल्यावर. मागून कोरडं उत्तरेचं वारं मध्य भारतावरून खाली येतं, आभाळ निरभ्र होतं आणि काळी जमीन रात्रभर उष्णता आकाशात फेकते. वारं पूर्वेचं किंवा आग्नेयेचं झालं की बंगालच्या उपसागराची वाफ येते. ढग आणि वाफ तीच उष्णता जमिनीकडे परत पाठवतात. लागोपाठच्या दोन रात्रींत पाच-सहा अंशांचा फरक त्यानं पडतो.

हे संध्याकाळीच ओळखता येतं. साडेपाचला तापमान २८ आणि आर्द्रता ३० टक्के असेल तर दवबिंदू ९ च्या आसपास, म्हणजे पारा उतरायला भरपूर वाव. त्याच २८ ला आर्द्रता ५५ टक्के असेल तर दवबिंदू १८. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की दव पडायला लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि पारा तिथंच रेंगाळतो. तुमच्या नोंदवहीत संध्याकाळच्या आर्द्रतेचा रकाना असता तर १९.४ ची रात्र आधीच कळली असती.

गोदाकाठ (नांदेड)

मग हवामान बदलाचा संबंध कुठं आला? थंडी कमी पडली की हवामान बदल, जास्त पडली तरी हवामान बदल. असा सिद्धांत चूक ठरणार कशानं? एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापणं) आहे, सूर्याची चक्रं आहेत, शहरांचं काँक्रीट आहे, जायकवाडीच्या कालव्यांनी भिजलेली जमीन आहे. मला पुरावा हवा, भीती नको.

दख्खनी_ढग (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ, प्रश्न रास्त आहे. चूक ठरवायच्या कसोट्या आहेत, आणि त्या लातूरच्या एका हिवाळ्यात सापडणार नाहीत.

सूर्य तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. हरितगृह वायूंमुळे खालचा थर तापतो आणि स्थितांबर (वातावरणाचा वरचा थर) थंड होतं. मोजमापात हेच दुसरं चित्र दिसतं. सूर्याची ऊर्जा उपग्रह १९७८ पासून मोजतायत, ११ वर्षांचं चक्र सोडलं तर तिच्यात वाढ नाही. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळापूर्वी दशलक्षात २८० भाग होता, १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर. तो कोळसा-तेलाचाच आहे हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन-अणूंवरून) कळतं. जुन्या वनस्पतींच्या कार्बनमध्ये कार्बन-१३ कमी असतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण घटत चाललंय. स्वीडिश शास्त्रज्ञ अर्हेनियसनं या वायूनं पृथ्वी किती तापेल याचं गणित १८९६ मध्येच मांडलं होतं, म्हणजे हा विषय आजच्या राजकारणातून आलेला नाही.

काँक्रीट आणि पाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. एकाच केंद्राची नोंद घेताना त्याच्या भोवती वस्ती वाढली का, केंद्र हललं का, हे तपासावंच लागतं. पण समुद्रावर काँक्रीट नाही आणि समुद्रही तापतोय.

एल निनोबद्दल: डिसेंबर २०२४ मध्ये ला निनाची (एल निनोच्या उलट, प्रशांत महासागर थंड असण्याची) स्थिती आली, तरी फेब्रुवारी २०२५ हा भारतातला १९०१ पासूनचा सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला. एल निनो, ला निना वर्षावर्षाचे चढउतार ठरवतात. ज्या पायरीवरून ते चढउतार होतात ती पायरीच वर सरकतेय.

काळी_माती (परभणी)

एक दुरुस्ती आपल्या बाजूच्या मंडळींसाठी. 'रात्री दिवसापेक्षा वेगानं तापतात' हे जगाच्या सरासरीचं वाक्य इथं सरसकट लावू नका. हवामान विभागाच्या १९०१-२०२० च्या नोंदींत भारताचं सरासरी तापमान शंभर वर्षांना ०.६२ अंशानं वाढलं. त्यात कमाल ०.९९ नं आणि किमान फक्त ०.२४ नं. म्हणून उबदार पहाट दाखवून 'बघा, हाच पुरावा' म्हणणं कच्चं आहे. जानेवारीचं सरासरी किमान एका वर्षातून दुसऱ्या वर्षात अंश-दोन अंश हलतं, त्या गलक्यात दशकाचा कल ऐकू येत नाही. त्यासाठी ३० वर्षांची सरासरी लागते, सध्या १९९१-२०२० ची. हवामान विभाग पुणे १९५१ पासूनची कमाल-किमान तापमानाची एक अंशी (अक्षांश-रेखांशाच्या) चौकटींची माहिती मोफत देतो, मराठवाड्याच्या चौकटी काढून आलेख स्वतः काढता येतो. हंगाम जुळवताना सांभाळा: विभागाच्या हिशेबात हिवाळा म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, डिसेंबर पावसाळ्यानंतरच्या हंगामात मोडतो.

रब्बी_राखण (बीड)

कारण काहीही असो, रान आत्ता सांभाळायचंय. गहू दाणे भरताना पारा तिशीच्या वर राहिला तर दाणा बारीक पडतो, तेव्हा ८०-८५ दिवसांची पाण्याची पाळी चुकवू नका. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग दोन-तीन दिवस सापळ्यात ८-१० पतंग आले की फवारणीचं ठरवा. केशर आंब्याला मोहर मागेपुढे येईल, एकाच बागेत मोहर आणि गोटी (गोटीएवढी फळं) दोन्ही असले तर फवारणी झाडागणिक बघून करा.

माळावरचा_पारा (लातूर)

आभार मंडळी. या आठवड्यात पेटी माळावर हलवतो. मग भिंतीवरच्या जुन्या नोंदींचं काय करू? आणि लग्नसराईत चार-सहा दिवस खाडा पडला तर?

काळी_माती (परभणी)

भिंतीवरचा तापमापक लगेच काढू नका. दोन्ही निदान वर्षभर शेजारी-शेजारी वाचा आणि महिन्यागणिक फरक काढा. ढगाळ आणि निरभ्र रात्रींचा फरक वेगळा काढा, तो सारखा येणार नाही. त्यानंतरच जुन्या नोंदी दुरुस्त करा, आणि मूळ आकडा खोडू नका, शेजारी दुसऱ्या रकान्यात लिहा. खाड्याचा दिवस रिकामाच ठेवा, अंदाजानं भरू नका. जागतिक हवामान संघटनेच्या नियमानं महिन्यात ११ किंवा जास्त दिवस, किंवा सलग ५ दिवस सुटले तर त्या महिन्याची सरासरी काढत नाहीत. लग्नाला जाताना शेजाऱ्याला ८:३० ची वेळ आणि रीसेटचं बटण दाखवून जा.