स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी एमआरआय आणि पेट-सीटी: थांबावे की तारीख कायम ठेवावी?

सिंहगडरोडवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या (वय ५८) डाव्या स्तनात १.८ सेंटिमीटरची गाठ आढळली असून बायोप्सीत ती इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा (दूधनलिकांत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला कर्करोग), ईआर-पीआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी), हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह ठरली आहे. काखेत सोनोग्राफीवर संशयास्पद काही नाही. सर्जननी स्तन राखून गाठ काढण्यासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती. परंतु दुसऱ्या मतासाठी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी आधी स्तनांचा एमआरआय आणि पेट-सीटी (कर्करोग शरीरात इतरत्र पसरला आहे का हे पाहणारे स्कॅन) करण्यास सांगितले. एमआरआयची वेळ मिळणे, अहवाल येणे, त्यात काही दिसले तर पुन्हा बायोप्सी, यात महिना सहज जाईल. दिरांचे म्हणणे, एवढे केले आहे तर सगळे तपासूनच घेऊ. तपासण्या टाळल्यास काही राहून जाईल का, आणि केल्यास उशीर भोवेल का?

निवृत्त रेडिऑलॉजिस्ट, डेक्कन

ताई, या दोन तपासण्यांचा विचार वेगवेगळा करावा. गाठ लहान आहे, काख स्वच्छ आहे आणि हाडांचे दुखणे, धाप असे लक्षण नसेल, तर पेट-सीटीची गरज नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या 'एस्को' या संघटनेने २०१२ मध्येच अशा रुग्णांत ती नेमाने करू नये असे सांगितले आहे. आपल्याकडे तर जुन्या क्षयरोगाच्या खुणाही पेटवर चमकतात आणि मग त्यांच्या मागे धावावे लागते.

एमआरआय जास्त संवेदनशील आहे यात वाद नाही. शंभरपैकी सुमारे १६ स्त्रियांत त्यात आधी न दिसलेले काही सापडते, पण त्यातले साधारण एक तृतीयांश कर्करोग नसतो. म्हणून बायोप्सीशिवाय केवळ एमआरआयवरून स्तन काढण्याचा निर्णय कधीही घेऊ नये. जे खरे असते, त्यातले बरेचसे सूक्ष्म अवशेष शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या आटोक्यात ठेवतात. ब्रिटनमध्ये १,६२३ स्त्रियांवर झालेल्या 'कॉमिस' चाचणीत (२०१०) एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे १९ टक्केच राहिले.

उशिराबद्दल: 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील २०२० च्या आढाव्यानुसार शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा सापेक्ष धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. हे निरीक्षणांवर आधारलेले आकडे आहेत. आठवडाभराने काही बिघडत नाही, मात्र आठवड्यावर आठवडा चढत जातो तो असाच.

कोथरूडची मैत्रीण

माझा अनुभव उलट बाजूचा आहे, तोही इथे असावा. माझा कर्करोग लोब्युलर (दूधग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचा होता आणि स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत त्याची कड नीट दिसत नव्हती. एमआरआयमध्ये तो बराच मोठा निघाला, बायोप्सीने तसे सिद्ध झाले आणि शस्त्रक्रियेची आखणी बदलली. लोब्युलर प्रकार, बीआरसीए जनुकातील आनुवंशिक दोष, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांत मेळ नसणे किंवा आधी केमो द्यायची असणे, यांपैकी काही असेल तर एमआरआयवर घालवलेले दिवस वाया जात नाहीत. तुमच्या जाऊबाईंच्या बाबतीत यांतले काही आहे का, एवढे दुसऱ्या डॉक्टरांना थेट विचारा.

हडपसरकर

एमआरआय करायचाच ठरल्यास शस्त्रक्रियेची तारीख सोडू नका, कारण एकदा सोडलेली तारीख परत मिळवणे अवघड जाते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आजच करून ठेवा, कॉन्ट्रास्टसाठी, म्हणजे शिरेतून देण्याच्या औषधासाठी, ते मागतात. एमआरआय यंत्राला स्तनासाठीची वेगळी कॉइल (संकेत टिपणारा भाग) असलेले केंद्र निवडा, नाहीतर सर्जन तपासणी पुन्हा करायला लावतात. फिल्मबरोबर सीडीही घ्या. मेडिक्लेमची कॅशलेस मंजुरी ठरावीक मुदतीची असते. ती संपली तर टीपीएकडे (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीकडे) कागदपत्रे नव्याने द्यावी लागतील.

सिंहगडरोडवासी

सर्वांचे आभार. दोन्ही डॉक्टरांना विचारले. दुसऱ्यांकडून "आम्ही सगळ्यांचाच करतो" याखेरीज कारण मिळाले नाही. सर्जननी मॅमोग्राफी दाखवून सांगितले की स्तन दाट नाहीत, सोनोग्राफीतील माप तिच्याशी जुळते आणि काठ स्वच्छ आहेत की नाहीत हे फ्रोझन सेक्शनवर (काढलेला भाग गोठवून केलेल्या तातडीच्या तपासणीत) शस्त्रक्रियेच्या टेबलवरच पाहिले जाईल. दिरांना पेट-सीटी सोडणे अजून जड जाते आहे, पण तारीख तीच ठेवली आहे आणि भूलतज्ज्ञांची तपासणी उद्या आहे.