नर्मदा परिक्रमा : पाठीवरचं ओझं

पायी परिक्रमेला तंबू आणि स्टोव्ह न्यावा का, या प्रश्नावर माझं मत: दोन्ही नकोत. आश्रमात, नाहीतर गावातल्या मंदिरात पथारी टाकायला जागा मिळते. कुठे तयार जेवण, कुठे सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा; शिजवायचं आपण. तेवढ्यासाठी एक छोटं पातेलं पुरे. बूट मात्र एक नंबर मोठे घ्या आणि घरीच वापरून मऊ करा, चालून पाय सुजतात. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला. तिच्यावरचा पूल कितीही सोयीचा दिसला तरी ओलांडायचा नाही. तीर बदलायचा तो नदी समुद्राला मिळते तिथे; दक्षिण तीरावरच्या विमलेश्वरहून उत्तर तीरावरच्या मिठीतलाईला नेणारी नाव भरती बघून सुटते, तिथे ताटकळावं लागू शकतं. परतीचं रिझर्व्हेशन आधी करून ठेवू नका, उगाच घाई होते.