मदत हवी: पसरणी घाटात पाय थांबतात आणि ८ डिसेंबर तोंडावर आलाय

मृद्गंध | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०
८ डिसेंबरला, रविवारी मदतनिधीच्या सायकल राइडला नाव दिलंय. आज वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात सराव करायला गेले आणि चार किलोमीटरवर उतरावं लागलं. मांड्या भरून आल्या, उजवा गुडघा दुखायला लागला. मागचा गिअर सगळ्यात हलका होता, तरीही. तीन आठवड्यांत काय करता येईल? सीट बदलू का? जेलची चांगली असते म्हणतात. कृपया लवकर सांगा, उद्या दुकानात जाणार आहे.
माघार घ्यायचा सल्ला देऊ नका. लोकांकडून पैसे घेतलेत.

घाटवाट | ९:५५
सायकल कोणती? राइड कुठून कुठे? वेळेची मर्यादा आहे का? गुडघा नक्की कुठे दुखतो? एवढं कळल्याशिवाय सीटवर खर्च करू नका. सीटने मांड्या भरून येत नाहीत.

वेगेवेगे | १०:०२
ताई, क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे बूट घ्या. मी दोन वर्षांपूर्वी घेतले आणि घाट कसा चढावा ते तेव्हा कळलं. साधं पॅडल नुसतं खाली दाबता येतं, क्लीट असली की पाय वर ओढतानाही जोर लागतो. सीटवर घालणार ते पैसे बुटांवर घाला.

घाटवाट | १०:१०
तीन आठवड्यांवर राइड, गुडघा आधीच दुखतोय, आणि आता नव्या क्लीट? क्लीटचा कोन जरा चुकला तर गुडघा रोज हजारो वेळा वाकडा फिरतो. सवय नसताना सिग्नलला पाय सुटला नाही तर माणूस उभ्या उभ्या आडवा होतो. आत्ता नको.

वेगेवेगे | १०:१४
मी पडलो नाही कधी. कोन नीट लावून देणारे लोक पुण्यात आहेत. प्रत्येक गोष्टीला नको म्हटलं की माणूस पुढे जात नाही.

जुनीॲटलास | १०:३१
आम्ही १९७८ साली वाईहून पाचगणीला ॲटलासवर जायचो. गिअर नव्हता. जमेल तितकं चढायचं, नाहीतर खाली उतरून ढकलायची. वर पोचलो की टेबललँडवर बसून डबा खायचा. घाटात ढकलण्यात कमीपणा नाही, बाळ. दम खात खात जा.

मृद्गंध | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५
सायकल हायब्रिड आहे, २१ गिअरची, पाच वर्षांपूर्वी घेतलेली. राइड पुणे ते महाबळेश्वर, एका दिवसात. पहाटे ५ ला सुटायचं, दुपारी ३ पर्यंत पोचायचं. काल वाईपर्यंत सायकल भावाच्या गाडीवर टाकून नेली होती, म्हणजे पाय ताजेच होते. म्हणून तर घाबरले. त्या दिवशी आधी पुणे ते वाई चालवून मग हा घाट आहे.
सपाटीवर मी ६० किलोमीटर आरामात जाते. लोणावळ्याला दोनदा जाऊन आले.
काका, ढकलली तर ३ वाजेपर्यंत पोचणार का?

घाटवाट | ७:२०
आता बोलता येईल. पुढे तीन चकत्या असतील. घाटात साखळी पुढे कुठल्या चकतीवर होती?

मृद्गंध | ७:२४
मधल्या. नेहमी मधल्याच असते. डावीकडचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, १ वर नेला तरी काही होत नाही, घेतल्यापासून असंच आहे. दुकानात विचारलं तेव्हा म्हणाले, शहरात लागत नाही.

घाटवाट | ७:३३
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! तुमचे सात गिअर बंद आहेत, तेही नेमके घाटाचे.
चकत्यांवर दातांचे आकडे कोरलेले असतात. हायब्रिडला बहुतेक वेळा पुढे ४८, ३८, २८ आणि मागची सगळ्यात मोठी २८ असते. ३८ वरून २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ १.३६ फेरे फिरतं. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी १० किलोमीटरने चढावं लागेल. दम पुरत नाही, फेरे चाळीसवर येतात आणि मग प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा गुडघ्यावर येतो. पुढेही २८ मिळाली तर एकाला एक. तेच ६० फेरे ताशी साडेसातने मारता येतात. वाईहून पाचगणी १२ किलोमीटर, चढ सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. पावणेदोन तासांत वर.
आकडे मोजून सांगा.

जाई | ८:१०
मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा पुढून, वाटीच्या भोवती दुखतो की मागून, खोबणीत? पुढून असेल तर दोन नेहमीची कारणं: जड गिअर आणि खाली असलेली सीट. मागून दुखत असेल तर सीट बहुधा जास्त वर आहे. सूज आहे का? जिना उतरताना दुखतो का? रात्री झोपेत दुखतो का? सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, सायकल नंतर.
सीटची उंची घरी बघता येते. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात हवं तेवढंच वाकण राहतं.

सडेतोड | ९:४५
राइड कशासाठी आहे ते कुणी विचारलंच नाही. या मदतनिधी राइडांबद्दल मला मनापासून प्रश्न पडतो. जर्सी, पदक, नाश्ता, मागे रुग्णवाहिका, फोटो. हा खर्च कोण करतं? हजार रुपये द्यायचे तर सरळ संस्थेला द्या.

मृद्गंध | ११:५०
ऑफिसमधून लिहितेय. आकडे ४८, ३८, २८ आहेत, मागे २८. गुडघा पुढून दुखतो, सूज नाही, जिना उतरताना थोडा जाणवतो. टाच ठेवली तर गुडघा बराच वाकलेला राहतो.
निधी भोर तालुक्यातल्या मुलींना सायकली द्यायला आहे. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढे पाच-सहा किलोमीटर चालत. मी स्वतः अशीच चालत गेलेय, आठवी ते दहावी. माझ्या वर्गातल्या तिघींनी आठवीतच सोडली, त्यातली एक माझ्या बाकावर बसायची. मी जाहीर केलं की घाट चढून महाबळेश्वरला जाईन, तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी १०१ रुपये दिले. पावती नको म्हणाल्या, ‘पोचलीस की सांग’ एवढंच म्हणाल्या. म्हणून सरळ पैसे देऊन मोकळं होता येत नाही.

सडेतोड | १२:२०
भावना समजली. पण सरकार मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली देतंच की.

जाई | १२:४०
तो कार्यक्रम निवडक तालुक्यांपुरता आहे. ज्या गावाचा तालुका यादीत नाही त्या गावातली मुलगी तितकीच चालते. आणि सायकलीने फरक पडतो याचा अभ्यास झालेला आहे. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. शाळा लांब असलेल्या गावांत मुलींची पटसंख्या जास्त वाढली, असं अभ्यासकांना दिसलं.

चार्ल्सकाठ | संध्याकाळी ६:१५
मी बोस्टनला असतो. इथे पॅन-मास चॅलेंज नावाची राइड १९८० पासून चालते, पहिल्या वर्षी ३६ जण होते. मी दोनदा केली. रायडरने गोळा केलेला सगळा पैसा डेना-फार्बर या कर्करोग संस्थेला जातो. आयोजनाचा खर्च नोंदणी फी आणि प्रायोजकांतून भागतो. सडेतोड यांचा प्रश्न योग्य आहे, पण तो आयोजकांना विचारायचा: नोंदणीचे पैसे वेगळे आणि देणगी वेगळी ठेवता का? इथला अनुभव असा, की सरळ मागितलं असतं तर निम्म्या लोकांनी दिलं नसतं. ओळखीचं माणूस दोन दिवस सायकल हाणतंय म्हटल्यावर देतात.
मृद्गंध, मलाही काही पाठवायचं आहे. तुमच्या खात्यावर चालेल का?

हिशेबनीस | ६:५०
थांबा! स्वतःच्या खात्यात कुणाचेही पैसे घेऊ नका. पावती तुमच्या नावाने निघेल, देणाऱ्याला कर सवलत मिळणार नाही. प्रत्येकाने थेट संस्थेला द्यावेत. देणगीची कर सवलत २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती अजिबात नाही. लोकांना हे आधीच सांगा, नंतर वाईटपणा येतो.
चार्ल्सकाठ, तुमचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, ओसीआय (मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरीही. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावीच लागते. नसली तर तुमच्या चांगुलपणाने संस्था अडचणीत येईल.

चार्ल्सकाठ | ७:३०
अमेरिकी आहे. संस्थेला विचारतो. नसेल तर पुण्यातली बहीण तिच्या मनाने काय द्यायचं ते देईल.

मृद्गंध | ८:०५
हिशेबनीस, आभार. ऑफिसातल्या चौघांचे माझ्याकडे आले होते, आज परत करून संस्थेची लिंक दिली. पण डाव्या शिफ्टरचं काय करू ते कुणीतरी सांगा ना!

घाटवाट | ८:२५
मागचं चाक उचलून धरायला कुणाला तरी उभं करा. शिफ्टर १ वर न्या, पॅडल हाताने फिरवा आणि पुढचा डिरेलर, म्हणजे साखळीला ढकलणारा पिंजरा, बोटाने फ्रेमकडे दाबा.
सरकला आणि साखळी छोट्या चकतीवर उतरली, तर केबल गंजून नळीत अडकतेय. केबल आणि नळी दोन्ही बदला, फार खर्च नाही. सरकलाच नाही, तर डिरेलरवर दोन छोटे स्क्रू दिसतील, त्यातला ‘एल’ लिहिलेला पाव फेरा सैल करा. पुन्हा बघा. एका वेळी पाव फेराच. जास्त सैल केला तर साखळी चकतीच्याही आत पडते आणि फ्रेम खरवडते.
आणि छोटी चकती चढ सुरू व्हायच्या आधी लावा. जोर लावलेला असताना साखळी उतरत नाही.

नीराकाठ | ९:१०
मी शिरवळचा. हे विचारलं नाहीत तरी सांगतो. पसरणीची भीती घेऊन तुम्ही कात्रजला जोर लावाल आणि तिथेच फसाल. पहाटे जुन्या कात्रज घाटाने जाणार असाल तर बोगद्यात पुढचा दिवा प्रखर आणि मागचा लाल दिवा लुकलुकता हवाच. शिंदेवाडीला उतरल्यावर हायवे, खेड शिवापूर, कापूरहोळपर्यंत पाय छान फिरतात, तिथे लोक उगाच पळवतात. नंतर खंबाटकी घाट आहे. सुरूरला वाईकडे वळेपर्यंत अंगात निम्मा जोर शिल्लक हवा.

वेगेवेगे | ९:२६
खाण्याचं कुणी बोललं नाही. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मी खायच्या जेलच्या पुड्या नेतो.

जाई | ९:४०
पुड्याच हव्यात असं नाही. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. केळं, गूळपोळी, खजूर, काहीही चालेल, पण सरावात खाल्लेलंच त्या दिवशी खा. भूक लागायची वाट बघू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, अर्ध्या बाटलीत नाही.
गुडघ्यासाठी: हे चार दिवस चढ बंद, सपाटीवर हलका गिअर. सीट एका वेळी अर्धा सेंटिमीटर वर, एकदम नको.

मृद्गंध | २४ नोव्हेंबर, दुपारी २:१५
केबल गंजली होती. नळीतून काढली तर तपकिरी पूड पडली. मंडईजवळच्या एका मिस्त्रीकाकांनी वीस मिनिटांत बदलली. सीट दोन टप्प्यांत सव्वा सेंटिमीटर वर घेतली.
आज पुन्हा पसरणी. छोटी चकती, पाय सतत फिरते ठेवले. दोनदा पाणी प्यायला थांबले, बाकी पाचगणीपर्यंत सायकलवरच! १ तास ५० मिनिटं. पाच वर्षं मी याच सायकलवर हे सात गिअर न वापरता फिरले, याचा मला फार राग आला. गुडघा किंचित बोलतोय, दुखत नाही.

जुनीॲटलास | ३:००
शाब्बास. आणि तुझ्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. ढकलताना माणूस घाटात ताशी चार किलोमीटर चालतो. तू साडेसहाने चढलीस. म्हणजे तीन किलोमीटर ढकलावं लागलं तरी सतरा-अठरा मिनिटांचाच फरक. घाबरून रक्त आटवू नकोस.

घाटवाट | ३:२५
काकांचं गणित बरोबर आहे. वाईला साडेदहापर्यंत पोचा, साडेबाराला पाचगणी, पुढे महाबळेश्वर १९-२० किलोमीटर, चढउतार आहेत, दोन तास धरा. अर्धा तास हातात. एक पंक्चर त्यात बसतं. स्वतः ट्यूब बदलता येते ना?

मृद्गंध | ३:३१
पुढची येते. मागची कधी काढली नाही.

घाटवाट | ३:३४
या आठवड्यात रोज एकदा मागचं चाक काढा आणि बसवा. काढण्याआधी साखळी मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणा.

मृद्गंध | ८ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०
२:४१ ला पोचले. कापूरहोळच्या पुढे मागचंच चाक पंक्चर झालं, तेरा मिनिटांत बदललं. खंबाटकीत थंडीने बोटं आखडली होती. पसरणीत शेवटचा दीड किलोमीटर ढकलली, कारण गुडघा पुन्हा बोलायला लागला आणि जाईताईंचं ऐकलं. माझ्या नावाने संस्थेकडे ६२,३५० रुपये जमा झालेत. आयोजकांनी लेखी कळवलंय की नोंदणीचा पैसा वेगळा आहे.
मावशींना फोन लावला होता, गिऱ्हाईक होतं, म्हणाल्या उद्या ये.

सडेतोड | ७:१५
अभिनंदन. १,००० रुपये आत्ता थेट संस्थेला पाठवले.

पायवाट२१ | ९ डिसेंबर, सकाळी ८:०२
छान धागा. माझाही तोच त्रास आहे, सिंहगडावर पाय थांबतात. जेलची सीट घेऊ का?

घाटवाट | ८:०९
सायकल कोणती?