अनोळखी माणसाची विचारपूस: आपुलकी की भोचकपणा?

टिळकवाडीकर

भाचा बेंगळूरला आयटीत आहे. सुट्टीला आला होता. म्हणाला, "मामा, तुमच्या बेळगावात गाडीत बसलं की शेजारचा माणूस आधी गाव विचारतो, मग कामधंदा, मग पगार. सरळसरळ भोचकपणा आहे." घरात पाहुणे होते, म्हणून वाद वाढवला नाही. इथं वाढवतो.

माझं मत असं. आपल्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे, अनोळखी माणसाशी चार शब्द बोलायची रीत आहे आणि ती मोडत चालली आहे हे वाईट आहे. तासभर मांडीला मांडी लावून बसायचं आणि शेजारी माणूस आहे की पोतं याची दखलही घ्यायची नाही, याला आता 'प्रायव्हसी' म्हणतात.

नुसतं विचारलं की आस्था झाली, असं मी म्हणत नाही. "कुठलं गाव?" "जांबोटी." यावर जो म्हणतो, "मग यंदा पावसानं काय केलं? चोर्ल्याचा रस्ता बरा आहे का?" त्यानं उत्तर ऐकलं. जो म्हणतो, "बरं. लग्न झालं?" तो डोक्यातला फॉर्म भरून घेतोय. पहिला प्रश्न काय, कुणीही विचारेल. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून निघाला पाहिजे. भाच्याला बहुतेक फॉर्मवालेच भेटले असणार.

गणिताचा_मास्तर

याला अभ्यासाचा आधार आहे. शिकागो विद्यापीठाच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज ट्रेन-बसनं जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. काहींना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं गप्प बसायला, काहींना नेहमीसारखं वागायला. "यात जास्त बरं कशात वाटेल?" असं ज्यांना नुसतं विचारलं, ते म्हणाले गप्प बसण्यात. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. म्हणजे बोलणं आपल्याला आवडणार नाही, हा आपला अंदाजच चुकीचा असतो.

तुमच्या 'दुसऱ्या प्रश्ना'लाही पुरावा आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की आधीच्या उत्तराला धरून पुढचं विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात. हे त्यांनी अनोळखी लोकांच्या गप्पांमध्ये तपासलं होतं.

मुकी_चिमणी

मास्तर, शिकागो आणि खानापूर यात एक फरक आहे तो तुम्ही सोडलात. शिकागोत शेजारच्या माणसाला काय सांगितलं ते पुढच्या स्टेशनवर संपतं. इथं मी खानापूरच्या गाडीत कुणाला काही सांगितलं तर मी घरी पोचायच्या आधी ते घरी पोचलेलं असतं. "अगो, तुझी पोरगी आज दुपारच्या गाडीत होती, कालेज सुटलं नव्हतं काय?" ज्यांना 'अनोळखी' म्हणताय ते कुणीही अनोळखी नसतात. कुणीतरी आत्याच्या जावेच्या माहेरचं निघतंच.

आणि फॉर्म भरणारे जास्त कोण भेटतात ते बायकांना विचारा. "एकटीच?" "कुठं नोकरी?" "मालक काय करतात?" पुरुषांना पाऊसपाणी विचारतात, आम्हाला मालक विचारतात. तुमच्या भाच्याला पगार विचारला एवढ्यावर तो वैतागला. त्यानं एकदा साडी नेसून प्रवास करून बघावा.

टिळकवाडीकर

चिमणीताई, मुद्दा बरोबर आहे. पण तो माझ्या विरोधात कसा जातो? मी फॉर्मवाल्यांच्या बाजूनं बोलतच नाही.

मुकी_चिमणी

असा जातो: प्रश्न विचारणाऱ्याला आपण फॉर्मवाले आहोत हे कळत नसतं. प्रत्येकाला आपण आपुलकीनंच विचारतोय असं वाटतं. तुम्हालासुद्धा.

चंदगडी

बायकांच्या सगळ्याच गप्पांना तसलं माप लावू नका ओ. आमचा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, मग कोल्हापुराकडे गेला. पण कापड, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्याला अजून बेळगावच. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या गाडीत तिकडच्या बायकांना प्रवास फुकट झाला. कंडक्टर आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट देतो. आमच्या बायकांचा पत्ता महाराष्ट्राचा, त्यांना पैसे. सीट एक, एकीला शून्य, दुसरीला पूर्ण तिकीट. मग तिथनं बोलणं सुरू होतं. "तुमाला फुकट व्हय?" "तुमच्या लाल गाडीत अर्धं तिकीट हाय की." आणि उतरेस्तोवर नाचणीच्या भावापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं येतं. यात भोचकपणा कुठं आहे? दोघींनी आपापलं मांडलं.

वडगावचा_भाडेकरू

मला "कुठलं गाव?" चालतं. त्याच्या पाठोपाठ येतं ते "कुणापैकी?" हे चालत नाही. धाग्यावर अजून कुणी काढलं नाही, म्हणून काढतो.

खोली बघायला गेलो होतो. घरमालक गोड माणूस. पाणी दिलं, चहा दिला, गावाकडचं विचारलं, वडलांचं विचारलं. दुसरा प्रश्नही पहिल्या उत्तरातूनच निघत होता, टिळकवाडीकरांच्या व्याख्येत बसेल असा. आडनाव सांगितलं, त्यावरून काही कळेना. मग "म्हणजे कुणापैकी?" सांगितलं. "बघतो, भावाला विचारून सांगतो." सायंकाळी निरोप, खोली दुसऱ्याला दिली. पाटी पुढं महिनाभर तिथंच होती.

आता सांगा, तो चहा आपुलकी होती की चाळण? आमच्या भागात निम्मी विचारपूस ही चाळणच आहे. गाव, आडनाव, कुलदैवत, देव कुठला, सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात. बसवण्णांनी बाराव्या शतकात याच मुलखात सांगून ठेवलं की 'हा कुणाचा, हा कुणाचा' असं म्हणू नका, 'हा आमचाच' म्हणा. त्यांच्या नावानं चौक झाले, पुतळे झाले. खोली मिळायची बाकी आहे.

गणिताचा_मास्तर

हे वाचून काय लिहावं कळत नाही. पण विचारण्याची रीत बंद करून जात बघणं थांबेल का? आता तर फोनवर आधी पूर्ण नाव मागतात आणि तिथंच निकाल लावतात. समोर बसून बोलताना निदान कधीतरी माणूस मध्ये येतो.

वडगावचा_भाडेकरू

कधीतरी येतो, मान्य. 'कधीतरी'च्या भरवशावर मी किती चहा प्यायचे?

निपाणी_नाका

जातीच्या आधी एक फाटक आहे, भाषेचं. तुम्ही लोक लगेच दुसऱ्या प्रश्नावर गेलात. सीमाभागात पहिला प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा इथंच घोडं अडतं. शेजारचा बघायचा, पिशवीवर काय छापलंय, हातात पेपर कुठला, फोनवर "हलो"च्या पुढं काय बोलतो. तोवर संकेश्वर येतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत भाषेवरून वाद होऊन कंडक्टरवर हल्ला झाला, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस एकमेकांच्या हद्दीत जायच्या बंद होत्या, आठवतंय ना? त्यानंतर लोक जास्तच जपून बोलायला लागलेत. गाडीत बोलायचं म्हणजे आधी बाजू ठरवल्यासारखं होतं.

मी आपलं कन्नडमधनं सुरू करतो. "यावूर्री?" म्हणजे कुठलं गाव? समोरचा मराठी असला तर हसतो आणि मराठीत उत्तर देतो. कन्नड असला तर प्रश्नच मिटला. माझं कन्नड तोडकंमोडकं आहे, त्याचा उलट फायदाच होतो. तोडकं बोलणाऱ्याला कुणी वर्चस्व गाजवतोय म्हणत नाही.

कोनवाळ_गल्ली

म्हणजे आपल्याच गावात आपण आधी कन्नड बोलायचं? बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून १९५६ पासून एवढी माणसं झटली, महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून चालू आहे, आणि तुम्ही "यावूर्री" करत फिरताय. मराठी माणसानं मराठीतच सुरुवात करायची. समोरचा ज्या भाषेत उत्तर देईल त्यात देईल. भाषा लपवून केलेली आपुलकी मला खोटी वाटते.

निपाणी_नाका

कोर्टात वकील बोलतायत की. मी गाडीत बसलेल्या आज्जीला उतरायचं गाव विचारतोय. ह्या दोन्हीचं एकच पान करू नका. आणि माघात चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत जाऊन बघा, धनगर इकडचे कुठले, तिकडचे कुठले. दावणीला बैल बांधता बांधता निम्मं मराठी, निम्मं कन्नड चालतं. तिथं आधी कोण कुठल्या भाषेत बोललं याची नोंद कोण ठेवत नाही.

कोनवाळ_गल्ली

जत्रेत कुणी कुणाला दुकानाचा मराठी बोर्ड कन्नड करायला सांगत नाही, म्हणून चालतं ते. असो, हा धागा त्यावर नाही.

शहापुरी_माग

आमचा धंदा साड्यांचा, घरी माग होते. मला या सगळ्या वादाची जरा गंमत वाटते. कारण आम्ही पोटासाठी विचारपूस करतो. गोव्याचं गिऱ्हाईक येतं, कोल्हापूरचं येतं. "लग्न कुणाचं? मुलीकडचे की मुलाकडचे? सासूला रंग कुठला चालतो?" हे न विचारता साडी विकूनच दाखवा. विकली तरी आठ दिवसांत परत येते. सासूचं विचारलं की बाई अशी मोकळी होते की गठ्ठ्यातली साडी गठ्ठ्यातच राहते. पाचवारी घ्यायला आलेली बाई डोळे पुसून जाते, आणि पुढच्या लग्नाला परत आमच्याकडंच येते.

आता हे खरं की खोटं? मनात विक्री असतेच, नाही कशाला म्हणू. पण तिच्या सासूचं नाव मला पुढच्या वर्षी आठवतं, ते काही विक्रीसाठी पाठ केलेलं नसतं. हेतू एकच असावा हा हट्ट शिकलेल्या लोकांचा.

मुकी_चिमणी

शहापुरी मागवाल्यांचं मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. दुकानात मला माहीत असतं की विचारणारा का विचारतोय, आणि नको वाटलं तर मी उठून जाऊ शकते. चालत्या गाडीत उठून जाता येत नाही. खिडकीकडं तोंड केलं तरी, "झोप आली काय?"

वॉर्डातली_सिस्टर

मी इस्पितळात नोकरी करते. सिंधुदुर्ग, गोवा, चंदगड, गोकाक, सगळीकडचे पेशंट येतात, आणि त्यांची माणसं व्हरांड्यात चादर टाकून झोपतात. तिथं अनोळखी माणसाशी बोलता येणं ही चैन नाही, गरज आहे. जेवण स्वस्त कुठं, रक्त कुठं मिळतं, डॉक्टर राउंडला कधी येतात, हे आमच्यापेक्षा शेजारच्या चादरीवरचा माणूस चांगलं सांगतो.

पण तिथंही विचारण्यात फरक असतो. नवीन माणूस आला की काहीजण धावत येतात, "काय झालंय? ऑपरेशन सांगितलंय? आमच्या मेव्हण्याला तेच होतं." मेव्हण्याचं पुढं काय झालं तेही सांगतात. त्या बाईचा चेहरा बघवत नाही. जुन्या मुरलेल्या बायका असं कधी विचारत नाहीत. त्या म्हणतात, "ऊट आतेन्री?" किंवा "जेवलीस काय गं बाळ?" जेवली नसेल तर डबा पुढं करतात. आजाराचं ती आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, कधी सांगतही नाही. मी एक बाई बघितली, कित्येक दिवस शेजारणीला भाकरी देत होती, पेशंट तिचा कोण लागतो हेसुद्धा तिनं विचारलं नव्हतं.

म्हणून मला 'दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून निघावा' हे अर्धंच पटतं. काही वेळा दुसरा प्रश्न नसणंच बरं.

टिळकवाडीकर

सिस्टर, हे मी माझ्या म्हणण्यात घालून घेतो. ज्याचं उत्तर देणं समोरच्याला जड जाईल ते विचारू नये. आणि भाडेकरू म्हणतात त्यावरही एक उपाय सुचतो: आधी आपलं सांगायचं, मग विचारायचं. "मी टिळकवाडीचा, बँकेतनं रिटायर झालोय, लेकीकडं चाललोय." त्याला वाटलं तर तो त्याचं सांगेल.

वडगावचा_भाडेकरू

ज्यांना आडनाव सांगायला काही जड जात नाही, त्यांना आधी आपलं सांगणं सोपं असतं. तेवढं लक्षात ठेवा.

मुकी_चिमणी

आणि आधी आपलं सांगणारे सुरू झाले की थांबत नाहीत हे कुणी सांगायचं? लेकीचं, जावयाचं, जावयाच्या फ्लॅटचं. मला ऐकायचं नसेल तर?

टिळकवाडीकर

तर "हूं" म्हणायचं. दोनदा "हूं" आलं की मी गप्प बसणार, शब्द देतो. पण मग खिडकीकडची सीट मला पाहिजे.