इंटरनेट फोन आणि पेटंटभंग: जबाबदारी यंत्रनिर्मात्याची की सेवादात्याची?

चर्चाप्रस्ताव:
मार्च 2007 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या ज्यूरीने, व्हॉनेज या इंटरनेट फोन कंपनीने व्हेरायझन या दूरसंचार कंपनीच्या तीन पेटंटांचा भंग केल्याचे ठरवून 5 कोटी 80 लाख डॉलरांची भरपाई आणि पुढील वापरासाठी साडेपाच टक्के रॉयल्टी लावली. ग्राहकांच्या घरी बसणारे, साधा फोन इंटरनेटला जोडणारे अडॅप्टर लिंक्सिस, मोटोरोला अशा कंपन्यांचे होते. त्या मात्र दाव्यात प्रतिवादी नव्हत्या. विकत घेतलेले यंत्र जसे आले तसेच वापरले असेल, तर पेटंटाची जबाबदारी आधी निर्मात्यावर यावी, असे माझे ठाम मत आहे. यंत्राच्या आत काय चालते हे त्यालाच ठाऊक असते. घेणाऱ्याला सीलबंद सॉफ्टवेअर उघडून पाहता येत नाही. अमेरिकेच्या एकसमान वाणिज्य संहितेचे कलम 2-312 हेच सांगते: त्या मालाचा नेहमीचा व्यापारी, वेगळा करार नसल्यास, माल पेटंटाच्या रास्त दाव्यांपासून मुक्त असल्याची हमी देतो.

प्रतिसाद १:
त्याच कलमाचा उत्तरार्ध आपण सोडलात. खरेदीदाराने स्वतःची विनिर्देशने (माल कसा हवा याचा तपशील) देऊन माल बनवून घेतला असेल, तर त्या विनिर्देशनांमुळे उद्भवलेल्या दाव्याचा भार खरेदीदारावरच पडतो. शिवाय सप्टेंबर 2007 मध्ये अपिलात ज्या दोन पेटंटांचा भंग कायम राहिला, त्यांचा गाभा घरातल्या अडॅप्टरमध्ये नव्हताच. ग्राहकाने नंबर फिरवला की त्या नंबरावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, हा त्यांचा विषय होता. तो सर्व्हर चालवणारा सेवादाता, त्यावर महिन्याचे पैसे घेणाराही तोच. मग अडॅप्टर बनवणाऱ्याला कोणत्या न्यायाने गोवायचे? ज्या भागाचा भंगाखेरीज इतर भरीव उपयोग होतो, तो विकणाऱ्याला अमेरिकेच्या पेटंट कायद्याचे कलम 271(क) सहभागी भंगासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या भंगाला हातभार लावल्याबद्दल, दोषी धरत नाही.

प्रतिसाद २ (प्रस्तावक):
व्हॉनेजच्या सर्व्हरबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पण तेवढ्याने मूळ प्रश्न मिटत नाही. 2011 पासून इनोव्हेशिओ या कंपनीने वाय-फायच्या पेटंटांवरून हॉटेले आणि कॉफीची दुकाने यांना कोर्टात खेचले. त्यांनी बाजारातून राउटर आणून लावला, याखेरीज काय केले होते? अखेर सिस्को, मोटोरोला आणि नेटगिअर हे निर्माते स्वतः पुढे झाले, आणि 2013 मध्ये न्यायालयाने रॉयल्टीचा दर ठरवला तो वाय-फायच्या चिपमागे 9.56 सेंट. निर्मात्याच्या पातळीवर हिशेब केला की रॉयल्टी शोधाच्या किमतीपुरती राहते. सेवादात्याच्या पातळीवर ती त्याच्या साऱ्या उत्पन्नाला हात घालते. त्यातच 2008 च्या क्वांटा विरुद्ध एलजी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, परवान्याखाली भाग एकदा विकला गेला की पुढच्या खरेदीदारांविरुद्ध पेटंटाचा हक्क संपतो, आणि पद्धतीवरील (वस्तूवर नव्हे, तर काम करण्याच्या रीतीवर घेतलेल्या) पेटंटांनाही हे लागू होते. म्हणजे निर्मात्याने एक परवाना घेतला की खालचे सगळे मोकळे होतात.

प्रतिसाद ३:
परवाना घेतला तर! न घेताच निर्माता दिवाळखोरीत निघाला, तर पेटंटधारकाने दाद कोणाकडे मागायची? कलम 271 बनवणारा, विकणारा आणि वापरणारा या तिघांनाही जबाबदार धरते, आणि कोणावर दावा लावायचा हे पेटंटधारक ठरवतो. आपण मागता तो क्रम कायद्यात नाही. सेवादात्याला तो हवा असेल, तर त्याने खरेदीच्या करारात, दावा आल्यास निर्मात्याने भरपाई द्यावी, असे कलम घालून घ्यावे.