काळ्या गाडीवर कोटिंगच्या आधीचे काम
सिरॅमिक कोटिंगने (रंगावर चढवल्या जाणाऱ्या संरक्षक थराने) काळ्या गाडीवरचे जाळीसारखे ओरखडे झाकले जातील, असे कधी कधी सुचवले जाते. परंतु कोटिंग पारदर्शक असल्यामुळे ते त्याखाली तसेच दिसत राहतात. हे ओरखडे बहुधा वरच्या क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) असतात आणि तो थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने, मशीन पॉलिशने ओरखडे काढणे म्हणजे त्यातलाच थोडा भाग कायमचा घासून टाकणे होय. म्हणून आधी प्रत्येक पॅनेलवरच्या रंगाच्या थरांची जाडी मोजून घ्यावी, लहानशा जागेत सर्वांत सौम्य पॅड वापरून पाहावे आणि नखाला लागणाऱ्या खोल ओरखड्यांचा नाद सोडावा. कोटिंग चढवण्यापूर्वी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने (पॉलिशचा तेलकट अंश काढणाऱ्या द्रवाने) पुसून गाडी उन्हात पाहण्याचा आग्रह जरूर धरा (मंद दिव्याखाली कोणतीही काळी गाडी देखणीच दिसते), कारण ग्लेझने (ओरखडे तात्पुरते भरणाऱ्या लेपाने) नुसते बुजवलेले ओरखडे काही धुण्यांनंतर पुन्हा दिसू लागतात.