दोष लाल मातीच्या गोळ्याचा

कुंडीसाठी झाड कुठून आणावं या चर्चेत एकाने म्हटलंय, "जवळच्या नर्सरीतलं झाड महिनाभरात मरतं, त्यापेक्षा ऑनलाइन बरं". मरतं खरं, पण बहुतेकदा पिशवीतल्या चिकट लाल मातीमुळे. तो गोळा वाळला की दगड होतो, पाणी कडेनेच निघून जातं आणि मुळं कोरडी राहतात. आणल्यावर आठ-दहा दिवस पिशवीतच, सावलीत राहू द्या. मग गोळा बादलीत अर्धा तास भिजवून बाहेरची थोडी माती हलक्या हाताने सोडवा. जास्वंद हे सोसते. बोगनवेलीचा गोळा मात्र फोडूच नका, मुळं फार नाजूक. कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). खिडकीच्या उघड्या ग्रिलमध्ये मुंबईचा पाऊस थेट येत असेल तर कोकोपीटऐवजी जाड रेती, नाहीतर मुळं कुजतात.

आणि नर्सरीत पिशवीचा तळ उलटून मुळं बघता येतात, ऑनलाइन कुठून बघणार?